लढाऊ माणसाचे जवळून घेतलेले चित्र : ‘जय भीम कॉम्रेड’चा रूपविचार

चरित्र या वाङ्मयप्रकाराची मराठीतील निर्मिती विपुल आणि मीमांसा तोकडी, अशी स्थिती आहे. त्यातही राजकीय लढ्यात आयुष्य झोकून दिलेल्या माणसाचे चरित्र म्हटले की आपल्याकडे दोनच घाट सिद्ध असतात. एक पोवाड्याचा : नायकाचे कर्तृत्व उंच स्वरात, श्रोत्यांसमोर आणि श्रोत्यांच्या वतीने गायचे. दुसरा गौरवग्रंथाचा : सहकाऱ्यांनी आठवणी लिहायच्या, तुरुंगवासाच्या तारखा द्यायच्या, शेवटी ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ असे म्हणून ग्रंथ मिटायचा. दोन्ही घाटांचे स्वतंत्र मोल आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु नायकाच्या घरात, त्याच्या कुचंबणेत, स्वतःच्याच संघटनेशी झालेल्या बेबनावात शिरण्याची गरज या घाटांना पडत नाही. किंबहुना तसे शिरणे हा त्यांच्या दृष्टीने औचित्यभंगच ठरतो. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या सुमारे सव्वातीन तासांच्या माहितीपटाचा विचार येथे करावयाचा आहे तो या पार्श्वभूमीवर. हा चित्रपट साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो काय, असा प्रश्न कोणी करील. चरित्र, शाहिरी आणि साक्ष या तीन रूपांची सरमिसळ ज्या संहितेत झाली आहे, ती केवळ फितीवर आहे म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवली, तर त्यात नुकसान समीक्षेचेच आहे.

प्रथम घटना. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागातील माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची चपलांचा हार घालून विटंबना झाल्याचे सकाळी उघड झाले. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि त्यात दहा माणसे मरण पावली. चार दिवसांनी, १५ जुलैला, लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या झोपडीत गळफास लावून घेतला. डोक्याला निळे फडके बांधलेले होते. मागे लिहून ठेवलेल्या मजकुरात रमाबाईनगरच्या शहिदांना अभिवादन आणि आंबेडकरी ऐक्याचा जयघोष होता. घोगरे डाव्या विचारांच्या आव्हान नाट्य मंचात गाणारे शाहीर. त्यांचे सार्वजनिक आयुष्य लाल झेंड्याखाली गेले आणि मृत्यूच्या वेळी त्यांनी डोक्याला निळा रंग बांधला. चित्रपटाचे सगळे आशयसूत्र या एका रंगबदलात सामावलेले आहे. पटवर्धन यांनी तेव्हापासून चित्रीकरण सुरू केले ते चौदा वर्षे चालले.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करणे आवश्यक वाटते. अशा माणसाला मराठीत काय म्हणावे? ‘कार्यकर्ता’ हा शब्द सोयीचा खरा, पण तो पतपेढीपासून पक्षापर्यंत कोठेही चालतो. ‘क्रांतिकारक’ म्हटले की आपल्या मनात पिस्तूल आणि अंदमान येते. ‘जहाल’ हे विशेषण टिळकयुगातच अडकून पडले. ‘अतिरेकी’, ‘नक्षलवादी’ आणि अलीकडचा ‘शहरी नक्षल’ हे शब्द पोलीस ठाण्यातून वृत्तपत्रांत आणि तेथून घराघरांत आले आहेत. त्यांत वर्णनापेक्षा आरोपच अधिक असतो. ‘लढाऊ’ हा शब्द त्यातल्या त्यात निर्दोष, म्हणून येथे वापरला आहे. शब्दाची ही अडचण भाषेपुरती नाही. ज्या माणसाला स्थिर नामाभिधान नाही, त्याचे व्यक्तिचित्र काढताना दर खेपेस कोणत्या तरी एका पक्षाची भाषा उसनी घ्यावी लागते. ‘जय भीम कॉम्रेड’ने यातून काढलेली वाट त्याच्या शीर्षकातच दिसते : वर्णन करायचे नाही, हाक मारायची.

या हाकेचा इतिहास आम्हा नागपूर जिल्ह्यातील वाचकांना जवळचा आहे. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना (१९०४–१९३९) दिले जाते. हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती आणि १९३७ च्या निवडणुकीत ते आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले होते, ही गोष्ट मात्र अभिवादनाच्या उत्सवात सहसा विसरली जाते. म्हणजे ‘जय भीम’ हा उच्चार ज्या मुखातून रूढ झाला, ते मुख मजूर संघटकाचे होते. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मुंबईत जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. तेव्हा शीर्षकातील दोन शब्दांची जोडणी हा दिग्दर्शकाने केलेला नवा समेट नव्हे. कधी काळी जे एका श्वासात उच्चारता येत होते आणि नंतर ज्यांत फारकत झाली, त्यांची ही फेरजुळणी आहे. शीर्षकात स्वल्पविराम नाही याला म्हणूनच अर्थ आहे. स्वल्पविराम असता तर ‘कॉम्रेड’ हे केवळ संबोधन राहिले असते. तो नसल्यामुळे दोन्ही शब्द मिळून एका माणसाचे नाव होते.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर या जोडणीची साक्ष अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’च्या (१९५९) अर्पणपत्रिकेत मिळते. लाल बावटा कलापथकाच्या शाहिराने आपली कादंबरी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. घोगरे यांच्या डोक्यावरील निळ्या फडक्याला ही वाङ्मयीन पूर्वपीठिका आहे. अर्पणपत्रिका लिहिणाऱ्याला आपल्या पक्षात राहूनच ती लिहिता आली, हा मात्र दोघांच्या काळांतील फरक.

आता व्यक्तिचित्राच्या रचनेकडे वळू. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात घोगरे गाताना दिसतात. म्हणजे दिग्दर्शकापाशी आपल्या चरित्रनायकाचे जिवंत चित्रण आहे ते त्याच्या मृत्यूपूर्वी बारा वर्षांचे, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी घेतलेले. नायक त्या वेळी नायक नव्हता. शहराविषयीच्या चित्रपटातील तो एक आवाज होता. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये तीच फीत पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ पालटलेला असतो. छायाचित्र हे ‘जे होते’ त्याची ग्वाही देते आणि म्हणून त्यात मृत्यू आधीच शिरलेला असतो, हा रोलाँ बार्थ यांचा विचार अभ्यासकांना परिचित आहे. येथे त्यात एक भर पडते. छायाचित्रातील माणूस मुका असतो, हा गातो आहे. गाणे हे स्वभावतःच वर्तमानकाळात घडते. त्यामुळे प्रेक्षकाला मृताची आठवण होण्याऐवजी मृत माणूस आपल्यापुढे काम करीत आहे असे वाटते. शोकगीताला ही सवलत नसते.

परंतु जवळीक म्हणावी ती एवढ्यापुरतीच. या जुन्या फितीपलीकडे घोगरे आपल्याला प्रत्यक्ष भेटत नाहीत. त्यांची पत्नी, मुलगा, शेजारी, जुने सहकारी भेटतात आणि त्यांच्या बोलण्यातून रिकाम्या जागेची कड स्पष्ट होत जाते. ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. दलित आत्मकथनांत आजी किंवा आई अशीच, तिच्याविषयी बोलणाऱ्यांच्या आवाजातून उभी राहते. तथापि आत्मकथनात निवेदक आतला असतो आणि त्याचे ‘मी’ म्हणणे हाच त्याच्या जवळिकीचा परवाना असतो. पटवर्धन बाहेरचे आहेत. जातीने, वर्गाने, शिक्षणाने बाहेरचे. हे ते लपवीत नाहीत. कॅमेऱ्यामागून येणारा त्यांचा प्रश्न विचारणारा आवाज चित्रपटभर ऐकू येतो आणि तो आवाज कोठल्या घरातला आहे हे पहिल्या दोन वाक्यांत कळते. बाहेरच्या माणसाला मिळालेली जवळीक ही नेहमी कोणी तरी दिलेली असते. ती देणाऱ्यांत मुख्यतः बायका आहेत, ही बाब समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही असे मला वाटते. पुरुष पुढारी सभेतल्या आवाजात बोलतात, तर बायका स्वयंपाक, मजुरी आणि पोलीस चौकी यांच्या भाषेत. दिग्दर्शकाने दोन्ही आवाज ठेवले आहेत, परंतु ध्यानात राहतात ते दुसरे.

चौदा वर्षांचा अवधी हा या चित्रपटाचा खरा निवेदक आहे. सुरुवातीला जो शोध एका माणसाच्या आत्महत्येचा होता, तो गोळीबाराच्या चौकशीकडे, तेथून खटल्याकडे, तेथून २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीकडे, तेथून पुण्याच्या कबीर कला मंचाकडे सरकत जातो. गुंडेवार आयोगाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यावर, मनोहर कदम यांच्यावर, ठपका ठेवला. सत्र न्यायालयाने २००९ मध्ये त्यांना जन्मठेप सुनावली आणि पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. हा सर्व काळ चित्रपटात मुलांच्या उंचीवरून, वस्तीतल्या भिंतींच्या रंगावरून, पुढाऱ्यांच्या वाढलेल्या पोटांवरून आणि बदललेल्या मंचांवरून मोजता येतो. दलित पँथरच्या परंपरेतून आलेल्या रामदास आठवले यांनी २०११ मध्ये शिवसेना-भाजपशी युती केली. ‘आंबेडकरी ऐक्य’ हे शब्द लिहून मेलेल्या माणसाच्या चित्रपटाला याहून क्रूर उपसंहार कोणी कल्पनेने रचला असता तर तो बटबटीत वाटला असता.

येथे एक आक्षेप घेतला जातो : चित्रपट पसरट झाला आहे, घोगरे मध्येच हरवतात, आणि व्यक्तिचित्र म्हणून सुरू झालेली संहिता चळवळीचे दप्तर होऊन संपते. आक्षेपातील निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मला मान्य नाही. शाहिराचे चरित्र हे गाण्याच्या प्रवासाखेरीज लिहिताच येत नाही. गाणे एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, म्हणून चित्रपटही एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. चित्रपटात गाणारी माणसे इतकी आहेत की घोगरे हरवले असे म्हणण्यापेक्षा ते वाटले गेले असे म्हणणे अधिक योग्य. वामनदादा कर्डक यांच्या हयातीत आणि नंतरही भीमगीतांच्या बाबतीत नेमके हेच घडले : कोणते पद कोणाचे हे विचारण्याची गायकाला गरज भासत नाही. व्यक्तिचित्राचा पाश्चात्त्य घाट एका चेहऱ्यावर स्थिर होतो. जलशाच्या परंपरेत तोंडे बदलत जातात आणि कथा एकच राहते. पटवर्धन यांनी ही रचना जाणीवपूर्वक स्वीकारली की चौदा वर्षांच्या ओघात ती त्यांच्या हाती आली, हा प्रश्न गौण आहे.

माझा आक्षेप निराळ्या जागी आहे. घोगरे यांना मृत्यूपूर्वी काही काळ त्यांच्याच संघटनेने दूर केले होते. चित्रपट हे सांगतो, त्यांच्या जुन्या साथीदारांना त्याविषयी बोलतेही करतो, परंतु त्या जागेवर रेंगाळत नाही. वास्तविक या व्यक्तिचित्राचा गाभा तेथे आहे. गरीब वस्तीत राहणारा, गळा हेच ज्याचे एकमेव भांडवल आहे असा शाहीर आणि शिस्तीला सर्वोच्च मानणारी संघटना यांच्यातील संबंध हा केवळ एका माणसाचा प्रश्न नव्हता. जातीचा अपमान हा वर्गलढ्याच्या कार्यक्रमात कोठे बसतो, गाणाऱ्याच्या पोटाची जबाबदारी कोणाची, नेतृत्व कोणत्या जातीचे, हे सगळे प्रश्न त्या एका निर्णयात गुंतलेले होते. गोळीबाराची चौकशी चित्रपट ज्या चिकाटीने करतो, ती चिकाटी येथे मावळते. गॅसचे टँकर पेटण्याचा धोका होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, हा पोलिसांचा दावा तो दृश्यादृश्यांतून तपासून पाहतो. ‘संघटनेने का काढले?’ याचे उत्तर मात्र तो साथीदारांच्या हळहळीवर सोडतो. शत्रूची उलटतपासणी आणि मित्रांची केवळ आठवण, असा हा दुजाभाव आहे. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. डाव्या आणि आंबेडकरी प्रवाहांना जोडू पाहणारा चित्रपट तुटलेल्या जागेवर बोट ठेवायला कचरतो. पण जोड द्यायची ती तुटलेल्या जागीच द्यावी लागते, आणि ती जागा नीट दिसली नाही तर शीर्षकातील फेरजुळणी इच्छेच्या पातळीवर राहते.

या संदर्भात क्रिस मार्केर या फ्रेंच दिग्दर्शकाने सोव्हिएत चित्रपटकार अलेक्सांद्र मेद्वेद्किन यांच्यावर केलेला माहितीपट (१९९२) तुलनेसाठी घेता येईल. मेद्वेद्किन १९८९ मध्ये वारले. मार्केर त्यांना सहा पत्रे लिहितो, आणि ती पत्रे हाच चित्रपट. मृत मित्राला लिहिलेल्या पत्रात जी सूट मिळते ती मार्केर पुरेपूर घेतो : तुम्ही पक्षावर विश्वास ठेवलात, पक्षाने तुमचे काय केले, आणि तरीही तुमचा विश्वास का गेला नाही, असे तो विचारू शकतो. तेथे जवळीक म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्क. पटवर्धन यांच्याकडे जवळीक म्हणजे सोबत करण्याचे कर्तव्य. दोहोंपैकी कोणती श्रेष्ठ हे ठरवणे व्यर्थ आहे, कारण मार्केरच्या नायकाचे राज्य कोसळले होते आणि घोगरे यांच्या मारेकऱ्यांचे, म्हणजे ज्या व्यवस्थेने त्यांना त्या दोरापर्यंत नेले तिचे, काहीच कोसळलेले नव्हते. पराभूतांच्या छावणीत राहून आतल्या भांडणांचे जाहीर वाचन करणे अवघड असते. तरीही मार्केरच्या पत्रांतील एखादे पत्र येथे हवे होते असे वाटत राहते.

गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. ठाणे जिल्ह्यातील १९४५ च्या वारली उठावाची ही कथा स्वतः लढ्यात असलेल्या व्यक्तीने लिहिलेली आहे, आणि तीत लेखिकेने स्वतःला शक्य तितके मागे ठेवले आहे. जवळीक आहे ती वारल्यांच्या उपाशी, वेठीने वाकलेल्या शरीरांशी. पक्षाच्या आतील जीवनाशी मात्र पुस्तक अंतर राखते. कार्यकर्त्याने लिहिलेल्या पुस्तकाला ते शोभते. बाहेरच्या चित्रपटकाराला ते बंधन नव्हते.

लढाऊ माणसाचे अंतरंग टिपणारा आणखी एक लेखक आहे आणि त्याचा उल्लेख वाङ्मयविचारात सहसा होत नाही. तो म्हणजे शासन. माणूस कोणाकडे उतरतो, कोणाशी बोलतो, काय वाचतो, कोणते गाणे म्हणतो, घरी कोण आजारी आहे, या सर्वांची नोंद गुप्तवार्ता विभागाच्या कागदांत असते. बारकाव्यांच्या बाबतीत तिच्याशी कोणताही चरित्रकार स्पर्धा करू शकणार नाही. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेनंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात खाजगी पत्रे आणि संगणकातील मजकूर हाच पुराव्याचा कणा केला गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे ‘दस्तऐवज’ या शब्दाला आपल्याकडे दोन मालक आहेत. माहितीपट आणि पोलिसांची फाइल दोन्ही एकाच कच्च्या मालावर काम करतात. फाइलमधला तपशील माणसाला एका कलमापर्यंत आणून सोडण्यासाठी असतो, म्हणून कलमाच्या कामी न येणारा तपशील तेथे गाळला जातो. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये उलट असाच तपशील पुढे येतो : दारातली भांडी, मध्येच हसू फुटणे, बोलता बोलता विसरलेली ओळ आठवून पुन्हा सुरुवात करणे. व्यक्तिचित्रातील जवळिकीला राजकीय अर्थ येतो तो येथे.

कबीर कला मंचाच्या भागात हे सर्व ताणून धरले जाते. शीतल साठे, सचिन माळी आणि त्यांचे साथीदार या चित्रपटात तरुण, खुल्या मैदानात गाणारे असे दिसतात. चित्रपट पूर्ण होत असतानाच, २०११ मध्ये, मंचाच्या काही सदस्यांना अटक झाली आणि इतर भूमिगत झाले. ज्या क्षणी माणूस भूमिगत होतो त्या क्षणी माहितीपट संपतो, कारण कॅमेऱ्याची जवळीक आता त्या माणसाला धोक्याची असते. नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलेल्या, इंदोऱ्याच्या वस्तीत राहिलेल्या आणि २००८ मध्ये भूमिगत अवस्थेतच वारलेल्या अनुराधा गांधी यांचे उदाहरण आमच्या भागातले आहे. त्यांच्या आयुष्याच्या त्या पर्वाचे जवळून चित्र मिळावे तरी कोठून? पटवर्धन अशा वेळी शीतलच्या आईकडे वळतात. मुलगी चित्रातून निघून गेली आहे आणि आई तिच्याविषयी बोलते आहे. चित्रपट घोगरे यांच्या पत्नीपासून निघून येथे पोहोचला आहे आणि गायकाच्या जागी पुन्हा एकदा त्याची वाट पाहणारी बाई उभी आहे. ही रचना दिग्दर्शकाने शोधली नाही, ती परिस्थितीने त्याच्यावर लादली. पण तिला ओळखून ती तशीच ठेवणे हे त्याचे श्रेय.

पुढची हकीगत चित्रपटाबाहेरची, तरी संहितेचाच भाग मानावी अशी. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. आम्ही शरण आलेलो नाही, हा सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. गरोदर असलेल्या शीतल यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या आरंभी जामीन दिला. गोरखे आणि गायचोर यांना २०२० मध्ये एल्गार प्रकरणात पुन्हा अटक झाली. मंचाच्या बचावासाठी जी समिती स्थापन झाली तीत पटवर्धन होते. चरित्रकाराने चरित्रनायकाच्या जामिनासाठी खटपट करावी हे कोणत्याही वाङ्मयशास्त्रात बसत नाही. पण वर ज्या जवळिकीला मी कर्तव्य म्हटले तिचा हा तर्कशुद्ध शेवट आहे, आणि चित्रपटाच्या तटस्थतेविषयी चर्चा करणाऱ्यांनी तो विचारात घेतला पाहिजे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा कथापट याच सामग्रीकडे विरुद्ध टोकाकडून पाहतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप आहे. घोगरे यांच्या मृत्यूची ही आरशातली प्रतिमा म्हणावी लागेल : तेथे शाहीर स्वतः मरतो, येथे शाहिराने दुसऱ्याला मारले म्हणतात. ताम्हाणे यांचा कॅमेरा दूर, स्थिर उभा राहतो. बचावाचे वकील, सरकारी वकील, न्यायाधीश यांच्या घरगुती आयुष्यात तो आपल्याला नेतो, पण ज्याच्यावर खटला चालू आहे त्या शाहिराच्या खाजगी जीवनात प्रेक्षकाला फारसा प्रवेश नाही. व्यवस्थेची माणसे जवळून आणि लढाऊ माणूस दुरून, ही वाटणी हेतुपूर्वक आहे. पटवर्धन यांनी जे द्यायचा प्रयत्न केला, ते न देता ताम्हाणे त्याची उणीव जाणवून देतात.

गाण्यावर खटला ही कल्पना मुंबईच्या समीक्षकांना विसंगतिपूर्ण, जवळजवळ प्रहसनासारखी वाटली. भिवापूरकडील वाचकाला ती तशी वाटणार नाही. भिवापूरच्या दक्षिणेस जिल्ह्याची हद्द ओलांडली की चिमूरचा मुलूख लागतो. १६ ऑगस्ट १९४२ ला तेथे जो उठाव झाला, त्यामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांनी चेतवलेली मने होती असे सरकारने मानले. महाराजांना त्याच महिन्यात अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. खंजिरी हे वाद्य राज्याच्या दृष्टीने प्रक्षोभक ठरू शकते, हे या भागाला तेव्हापासून माहीत आहे. (आज त्याच खंजिरीला सरकारी मंचावर मानाची जागा आहे. घोगरे यांच्या गाण्यांना ती कधी मिळेल किंवा मिळावी काय, हा प्रश्न तेवढा सोपा नाही.) आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. भिवापूरच्या मिरची सातऱ्यांवर दिवसभर देठ खुडणाऱ्या, हाताची आग पाण्यात शमवणाऱ्या बायांच्या दृष्टीने पाहिले तर ‘जय भीम कॉम्रेड’मधील जात आणि मजुरी यांचा संबंध हा चर्चेचा विषयच राहत नाही. हरदास यांच्या विडी कामगारांना जसे दोन्ही शब्द एकदमच लागत होते, तसेच यांनाही लागतील. चित्रपटातील मुंबई मात्र प्रामुख्याने पुतळा, वस्ती आणि मोर्चा यांची आहे. कामाची जागा तीत कचऱ्याच्या खड्ड्यासारख्या मोजक्या दृश्यांत येते. ती दृश्ये इतकी प्रभावी आहेत की त्यांची संख्या अधिक असती तर शीर्षकातील दुसऱ्या शब्दाला बळ मिळाले असते.

‘कोर्ट’मधील नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली. ते व्यावसायिक नट नव्हते. आंबेडकरी आणि डाव्या चळवळींच्या सांध्यावर आयुष्य घालवलेले कार्यकर्ते, कवी आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते. त्यामुळे कथापटात एक विलक्षण प्रकार घडला आहे. संभाजी भगत यांचे संगीत आणि शब्द, ताम्हाणे यांचे पात्र आणि साथीदार यांचे शरीर. हे शरीर मंचावर कसे उभे राहते, अटकेच्या वेळी खांदे कसे धरते, न्यायालयात प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन कसे थांबते, हे शिकवून येणारे नाही. काल्पनिक पात्राच्या आत एका खऱ्या लढाऊ माणसाचे माहितीचित्र दडलेले आहे, आणि ते जवळून घेतलेले नसूनही विश्वसनीय आहे. जवळीक हा कॅमेऱ्याच्या अंतराचा प्रश्न नाही, असे म्हणण्याला याहून चांगला आधार मला सापडलेला नाही. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात कोविडने गेले. त्यांच्या हयातीचे जे लिखित रूप उरले आहे ते ‘विद्रोही’च्या अंकांत विखुरलेले आहे. ते अंक एकत्र करून, त्यांतील संपादकीये आणि कविता ‘कोर्ट’मधील त्या शांत चेहऱ्यासमोर ठेवून वाचणे, हे काम नागपूरच्या अभ्यासकांनी अंगावर घ्यायला हवे.